उस्तादांचा कान

शेलूबाजारात देवाधर्माच्या खालोखाल मान कशाला असेल, तर तो जमशेद मिस्त्रींच्या, म्हणजे उस्तादांच्या, उजव्या कानाला. डाव्या कानाचं काही कौतुक नव्हतं. तो चारचौघांसारखा, त्यावर अर्धी ओढून विझवलेली बिडी खोचलेली असायची. उजवा मात्र पोचलेला. हायवेवर कुठल्याही ट्रकचं इंजिन कुरकुरू लागलं की ड्रायव्हर मंडळी वाटेतली पाच गॅरेजं सोडून इथं येत. बाजाराच्या टोकाला उस्तादांचं पत्र्याचं गॅरेज, त्याला लागूनच मागं घर, आणि समोर शालिग्रामचं चहाचं दुकान. शालिग्रामला इंजिनातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून इंजिनावर सगळ्यात जास्त तोच बोलत असे.

उस्तादांची तपासणी म्हणजे पाहण्यासारखा सोहळा होता. इंजिन चालू करायला लावायचं, हातभर लांब, लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला. मग डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. हात वर गेला की बाजार चिडीचूप. शालिग्राम गॅस बारीक करी. भाजीवाल्या बाया भाव सांगताना बोटं दाखवत. एकदा तर मंगरूळपीरची एसटी उस्तादांचा हात पाहून हॉर्न न देता गेली, असं शालिग्राम शपथेवर सांगतो. त्या गाडीचा हॉर्न महिनाभर बंदच होता, पण एवढ्यानं शालिग्रामची शपथ थोडीच मोडते! शेवटी उस्ताद डोळे उघडत आणि एकच शब्द बोलत. "बेरिंग." नाहीतर "इंजेक्टर." त्यापुढं अपील नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी रिठदकडच्या तांड्यावरचा दौलतसिंग आपला दहाचाकी ट्रक घेऊन आला. सोयाबीनचा हंगाम जोरात होता आणि गड्याचा चेहरा उतरलेला.

"उस्ताद, टिकटिक येऊन राह्यली इंजिनातून. घड्याळ गिळल्यावानी. झोप नाई लागत मले."

"गाडी तुयी का झोप तुयी, कोनाचा इलाज करू ते सांग," उस्ताद म्हणाले. बाजार हसला. दौलतसिंगही हसला, उस्तादांनी चेष्टा केली म्हणजे रोग किरकोळ असणार.

उस्तादांनी पेचकस लावला, डोळे मिटले, हात वर केला. बाजार थांबला. आणि त्या शांततेत जमशेद मिस्त्रींना काहीही ऐकू आलं नाही.

इंजिनाची धडधड पायाखालून कळत होती, दंडापर्यंत चढत होती. पण टिकटिक म्हणून काही नव्हतंच. त्यांनी टोक पुढं सरकवलं, मागं सरकवलं, मूठ इतकी दाबली की कान लाल झाला. तरी नाही. उस्ताद घाबरले. बाप गेला तेव्हा घाबरले नव्हते एवढे घाबरले. गेल्या दोनेक वर्षांत कानात कापूस भरल्यासारखं होतं खरं, पण दोष त्यांनी हवेला दिला, नव्या इंजिनांना दिला, लोकांच्या पुटपुटण्याला दिला. आता मात्र पन्नास माणसं श्वास रोखून उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा त्या कानावर. हा कान गेला, तर उरलेला जमशेद कोण? हातपाय काळे झालेला एक म्हातारा. असे जिल्ह्यात पोत्यानं मिळतील.

त्यांनी डोळे उघडले. "टॅपेट."

दहापैकी आठ टिकटिका टॅपेटच्याच असतात; एवढं ज्ञान असायला कान लागत नाही. इंजिनाच्या डोक्यावर रॉकर नावाचे लोखंडी दांडे असतात, ते वर-खाली होऊन व्हॉल्व्ह दाबतात. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. ती वाढली की लोखंडावर लोखंड आपटतं आणि टिकटिक येते; मिस्त्री लोक त्यालाच टॅपेटचा आवाज म्हणतात. उस्तादांकडं त्या मापाची पोलादी पट्टी होती. ढक्कन उघडून, प्रत्येक फटीत पट्टी सरकवून त्यांनी बारा रॉकर दीड तासात लावून दिले. हात अजून सोन्याचे होते, ते कोणी नाकारू नये. मग इंजिन चालू करायला लावलं, पेचकस टेकवला, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"गेला आवाज."

आवाज कुठंही गेला नव्हता. टिक, टिक, टिक, तसाच चालू होता आणि उस्ताद सोडून सगळ्यांना ऐकू येत होता. दौलतसिंगनं शालिग्रामकडं पाहिलं. शालिग्रामनं आभाळाकडं पाहिलं. घटकाभर मोठी पंचाईत झाली. उस्ताद म्हणतात गेला, म्हणजे गेलाच असणार. मग हे जे ऐकू येतंय ते काय? भल्या माणसांना उत्तर लगेच सापडलं. आपलेच कान खोटे.

"गेला!" शालिग्राम पहिल्यांदा बोलला. "साफ गेला. आता कसं शांत वाटून राह्यलं!"

"गेला, गेला," बाजार म्हणाला. शेवटी दौलतसिंगही म्हणाला, "गेला ना बाप्पा." आणि टिकटिकता ट्रक घेऊन तो निघून गेला.

बारा दिवसांनी तो परत आला. चेहरा आणखी उतरलेला.

"उस्ताद, माफी असावी. तुमचं काम एकदम बराबर होतं. खराबी माया कानात होती. वाशिमले कानाच्या डॉक्टरले दाखवलं म्या."

"मंग?" उस्तादांनी विचारलं. दौलतसिंग ओरडूनच बोलायचा, म्हणून त्याचं सगळं ऐकू येई.

"दोन्ही कानांतून सुपारीएवढा मळ काढला त्यानं. आता कान एकदम चकाचक. पण आवाज दुप्पट येऊन राह्यला! मंग अमरदीपकडे नेली गाडी."

अमरदीप म्हणजे हायवेपलीकडचा नव्या पद्धतीचा मिस्त्री. त्याच्या गॅरेजात काचेचं दार होतं आणि हात काळे करणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं गाडीला वायर जोडली, लॅपटॉप उघडला आणि स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली: गाडीत कसलाही दोष नाही. दौलतसिंग म्हणाला, "दादा, एक बार कान लावून तं पाय." अमरदीप म्हणाला, "कॉम्प्युटर खोटं बोलते का? तुले भास होऊन राह्यला." एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला ऐकायचं नव्हतं. दोघांच्या मध्ये दहा चाकांचा ट्रक आणि इंजिन ओरडून सांगत असतानाही स्वतःवर शंका घेणारा एक शहाणा.

"उस्ताद, मी पागल तं नाई होऊन राह्यलो?" दौलतसिंगनं विचारलं, आणि या वेळी त्याचा आवाज इतका बारीक होता की उस्तादांनी तो ओठांवरून ओळखला.

उस्तादांना लाज वाटली. काटा कचकन पायात मोडावा तशी लागली. "गाडी ठेव," ते म्हणाले. "उद्या सकाळी ये."

तो गेल्यावर मागच्या दारात अमीनाबी येऊन उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईच्या जिभेला गावात जोड नव्हती. पण अलीकडं ती वयापरत्वे निवळली, शांत झाली, अल्लानं सुबुद्धी दिली, असं उस्ताद मशिदीत चारचौघांना सांगत. आज ती अगदी जवळ येऊन, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून बोलली.

"दो साल से गला फाड री मैं! तुमको सुनाई नई देता, ये इस घर में तुमकोच मालूम नई था. अब वो भी हो गया."

म्हणजे निवळली वगैरे काही नव्हती. उस्तादांनी खाली मान घातली. "टिकटिक आती है क्या?" त्यांनी विचारलं.

"उस दिन बी चूल्हे तक आ री थी. और तुम बोले, गेला!"

"मग बोलली कायले नाई?" घाईत उस्ताद बायकोशीही बाजाराच्या भाषेत बोलून गेले.

"बोली. तुमने सर हिलाया और बोले, चाय रख."

भांडून उपयोग नव्हता. बाजार जेवणाला पांगला होता. उस्ताद बोनेटमध्ये वाकले आणि अमीनाबी पदर खोचून, आयुष्यात पहिल्यांदा, ट्रकच्या केबिनमध्ये चढून चावी फिरवायला बसली. इंजिन चालू झालं. आवाज आहे एवढं ती सांगू शकत होती. सहा सिलिंडरांपैकी कुठल्यात, ते तिला कसं सांगता यावं? उस्तादांना दोन्ही हातांनी एक पाइप बाजूला धरायचा होता, म्हणून पेचकसाची मूठ त्यांनी दातात धरली. वाकताना टोक इंजिनाच्या ढक्कनाला लागलं.

टिक.

उस्ताद ताठ झाले. आवाज कानातून आलाच नव्हता. दातातून जबड्यात, जबड्यातून कवटीत गेला होता. त्यांनी पुन्हा टोक टेकवलं. टिक, टिक, टिक. डोळ्यात पाणी आलं गड्याच्या. मूठ चावत चावत ते एकेका सिलिंडरवर फिरले आणि चौथ्यावर टिकटिक अशी वाजली की खर्ऱ्याच्या तंबाखूनं पोखरलेली दाढ ठणकली. सापडला चोर.

इंजिन बंद करून त्यांनी ढक्कन उघडलं. चौथ्याच्या फटीत पट्टी घातली. पट्टी अगदी मापात सरकली, तक्रारीला जागा नाही. मग त्यांनी जे बारा दिवसांपूर्वी करायला हवं होतं ते केलं: रॉकर काढून त्याच्या टोकावर अंगठ्याचं नख फिरवलं. नख खड्ड्यात पडलं. टोक झिजून तिथं मुगाएवढा खळगा झाला होता. पट्टी सरळ, ती खळग्याच्या काठांवरून सरकत होती. खाली फट तशीच मोकळी. खड्डा तसाच ठेवायचा, वरून पट्टी फिरवायची आणि काम पक्कं झालं म्हणून सांगायचं, ही विद्या आपल्याकडं रस्त्याच्या ठेकेदारांची. उस्ताद त्यांना रोज शिव्या देत. आज त्या शिव्या त्यांनी स्वतःला दिल्या, एकही न गाळता.

संध्याकाळच्या आत नवा रॉकर बसला. पेचकस दातात धरून पाहिलं. सहाही सिलिंडर गप्प. केबिनमधून अमीनाबीनं हात हलवून सांगितलं: नाही. तिचं नाही म्हणजे नाहीच असतं.

सकाळी दौलतसिंग आला आणि त्याच्यामागं बाजार. उस्तादांनी स्वतः इंजिन चालू केलं, खाली उतरले आणि पेचकस न घेता नुसते उभे राहिले.

"सांग, दौलतसिंग. आवाज येते का?"

दौलतसिंगनं इंजिनाकडं कान केलाच नाही. तो उस्तादांच्या चेहऱ्याकडं पाहू लागला, उत्तर तिथं लिहिलेलं असल्यासारखा. सगळा बाजार तिकडंच पाहत होता. इंजिन बिचारं मन लावून शांत चाललं होतं आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

"शालिग्राम, तू सांग." उस्तादांची नजर त्याच्या ओठांवर होती.

"आमी काय सांगाव? तुमी सांगा ना उस्ताद."

"कान तुले नाई का?"

"हायेत. पण तुमच्यावानी कुठं?"

उस्तादांचा संयम सुटला. "मले ऐकू येत नाई बे!" ते ओरडले. "बहिरा झालो मी. दोन सालापासून. त्या दिवशी बी काई ऐकू आलं नोतं. ठोकून देल्लं म्या, टॅपेट म्हून!"

मग शालिग्राम हात जोडून म्हणाला, "पायलं? याले म्हंतेत मोठा मानूस. एवढा कान, अन् गर्व नाई." चार जणांनी माना डोलावल्या. एकानं तर डोळे पुसले.

उस्तादांनी कपाळावर हात मारला. मघापासून गळ्यापर्यंत आलेला राग एकाएकी उतरला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. हे लोक आवाज येत असताना गेला म्हणतात. हे काही आजचं नाही, बारा दिवसांपूर्वीचंही नाही. दोन वर्षं म्हणत असतील. दोन वर्षांत या पत्र्याखालून किती गाड्या गेल्या? प्रत्येक गाडीपाशी डोळे मिटले होते, प्रत्येकीला निकाल दिला होता, आणि प्रत्येक वेळी बाजारानं मान डोलावली होती.

"आता माई कसम हाये तुमाले," ते म्हणाले. "बोलू नोका. बोललेलं मले ऐकू येत नाई अन् तुमाले खरं बोलता येत नाई. हात वर करा. ज्याच्या गाडीचा आवाज म्या गेला म्हनलं अन् गेला नोता, त्यानं हात वर करा."

दौलतसिंगनं एकदा उस्तादांकडं पाहिलं, एकदा इंजिनाकडं, आणि हळूच हात वर केला. मग अनसिंगच्या जीपवाल्यानं. मग वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवाल्यानं. मग दोन टेम्पोवाल्यांनी एकमेकांकडं बघत एकदमच. मोटरसायकलवाल्यांची तर सबंध रांग वर झाली. शालिग्रामनं गॅस बंद केला आणि हात वर केला. त्याच्याकडं मोपेड होती. मशिदीचे मौलवी साहेब सबजी घ्यायला आले होते, त्यांनी थैली डाव्या हातात घेऊन उजवा वर केला.

मागच्या दारात अमीनाबी उभी होती. तिच्याकडं एक मिक्सर होता आणि एक शिलाई मशीन. तिनं दोन्ही हात वर केले.

उस्तादांनी ते सगळे हात पाहिले. मग त्यांनी टेबलावरचा पेचकस उचलला, मूठ सदऱ्याला पुसली आणि दातात धरली.

"लाइन लावा," दातांतून ते म्हणाले.