शिळं पाणी

अगं ऐक ना, आधी नुसतं ऐक, मग बोल! ती धाकटी माहितीये ना, आरोग्य खात्यात निरीक्षक आहे ती? साथीत सगळे घरात कोंडून बसले होते, तेव्हा ही बाई गटारं, टाक्या, दवाखान्यांचा कचरा बघत वणवण फिरत होती. साथ ओसरली, दुकानं उघडायची वेळ आली, आणि हिच्या वाट्याला तपासायला काय यावं? सख्ख्या ताईचं पार्लर! "दुसऱ्या कुणाला पाठवा" म्हणाली, पण निम्मं ऑफिस आजारी.

ताईची सकाळपासून नुसती धांदल. फरशी अशी लख्ख की तोंड दिसावं. बाहेर बायकांची रांग. पहिला नंबर दोघींच्या मावशीचा, नुकतीच दवाखान्यातून सुटलेली. दोन वाक्यं बोलली की धाप लागायची, पण खुर्चीत बसली होती महाराणीसारखी.

"आधी डोकं धुवा गं, पार घरटं झालंय."

धाकटीनं बेसिनचं पाणी छोट्या नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते गुलाबी होतं. हे पाणी ढिम्म!

"ताई, शॉवर लावू नकोस. पाणी शिळं झालंय."

"शिळं? ती काय कालची भाजी आहे?"

"इतके महिने पाईपात पडून होतं. त्यात जंतू वाढतात. तू फवारा सोडलास की तुषारांबरोबर ते थेट छातीत. आणि मावशीची छाती कशी झालीये बघ."

"माझ्या छातीला नावं ठेवू नका," मावशी म्हणाली, आणि लागली खोकायला.

धाकटीनं मावशीला बाहेर बाकावर नेऊन बसवलं, बाह्या सरसावल्या आणि शॉवरचं तोंड खोललं. आत काळा, बुळबुळीत थर! ताईचा चेहरा खर्रकन उतरला. मग दोघी लागल्या कामाला. तुषार उडू नयेत म्हणून पाईप बादलीत बुडवून नळ सोडले, बादल्यांवर बादल्या ओतल्या. पहिल्या बेसिनचं पाणी गुलाबी! ताईनं टाळीच वाजवली. दुसऱ्याचंही गुलाबी. भिंतीकडच्या तिसऱ्याचं मात्र काही केल्या बदलेना. त्याचा पाईप मागच्या बंद खोलीतून वळसा घालून यायचा.

"मरू दे ते. मी दोनच चालवते," ताई म्हणाली.

"तिन्हींची लाईन एकच आहे, ताई. तिकडचं पाणी इकडे येणारच. प्लंबर तो तुकडा कापून काढेपर्यंत धुणं बंद. कोरडे केस काप ना."

"सगळ्यांनी धुवायलाच नंबर लावलेत! पहिल्याच दिवशी माघारी पाठवू? परत येतील त्या? तू बहीण आहेस की ऑफिस?"

"आत्ता ऑफिस. संध्याकाळी घरी आले की बहीण."

"मग घरी येऊच नकोस!"

धाकटीला क्षणभर वाटलं, सोडावं आजच्या दिवस, कुणाला कळणार आहे? तेवढ्यात बाहेरून मावशीचा खोकला ऐकू आला. हिनं सरळ मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, सील ठोकलं, आणि दारात जाऊन उभी राहिली.

"आज केस धुणं बंद. मी बंद केलंय. शिव्या द्यायच्या तर मला द्या, ताईला नको."

दिल्या की! सगळ्यांत मोठ्यानं मावशीनंच दिल्या, धाप लागेपर्यंत. रांग पांगली. ताईनं आतून कडी लावली. धाकटी पायरीवर बसून प्लंबरला फोनावर फोन करत राहिली, तो येईपर्यंत हलली नाही.

आता पाणी गुलाबी होतंय, पार्लर चालू आहे, मावशीचं डोकंही धुऊन झालं. फक्त ताई हिचा फोन उचलत नाही. ही रोज करते. आणि वर म्हणते, "पुन्हा तसं पाणी निघालं तर पुन्हा सील ठोकीन."

तू सांग, तुझी सख्खी ताई असती, तर तू काय केलं असतंस?