अर्थिंगचा खड्डा

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात धुळ्याच्या दीपचंदभाऊंच्या माईकला जणू भूतच लागलं. कंबरेखालचं अंग लुळं पडल्यावर भाऊंनी कापडाचं दुकान मुलांच्या हवाली केलं होतं, आणि सगळा जीव आपल्या हौशी रेडिओ स्टेशनात घातला होता. आता बोलायला बटण दाबलं, की त्यांच्याच यंत्राच्या लहरी माईकच्या वायरीत शिरायच्या आणि आवाज फाटून जायचा.

पलीकडे जळगावला अन्वर ऐकत असे. वर्षानुवर्षं रोज सकाळी दोघांच्या गप्पा चालत. पण घशाच्या कॅन्सरनं अन्वरची वाचा गेली, तेव्हापासून तो मोर्सच्या सांकेतिक लिपीत ठोके वाजवून उत्तर देई. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि भाऊंना जळगावपर्यंतचा प्रवास झेपणारा नव्हता. तो जाण्याआधी आपला आवाज एकदा नीट त्याच्या कानी पडावा, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं. आणि अन्वर रोज कळवी: शब्द कळत नाहीत.

भाऊंनी काय करायचं बाकी ठेवलं? वायर बदलली, तिच्यावर तारेची जाळी चढवली, कंडेन्सर लावले, एरियल हलवून पाहिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! मग एका सकाळी बोलता बोलता माईकच्या जाळीचा ओठाला चटका बसला आणि ते थबकले. चटका बसतो म्हणजे अर्थिंग गेलं. लहरींना जमिनीत उतरायला वाटच उरली नव्हती.

अर्थिंगची तार खिडकीखालच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेली होती, आणि तिथली माती ओली राहावी म्हणून पूर्वी रोज बादलीभर पाणी पडे. दुष्काळ पडला तसं, पाण्यातही जीव असतो म्हणून, भाऊंनी जैन स्थानकात साधुमहाराजांपुढे व्रत घेतलं होतं: थेंबभरही पाणी मातीत ओतायचं नाही. घेताना ऊर कसा भरून आला होता! त्याच पुण्याईनं दोस्ताचे कान बंद केले, हे कळल्यावर म्हाताऱ्याला स्वतःचीच चीड आली.

त्यांनी आपल्या आंघोळीची बादली खिडकीतून खड्ड्यात रिती केली. बायको मोहनबाई धावत आली.

"अहो, बठ्ठं पानी मातीमा? आनि तुमनं व्रत?"

"मोडनं. पाप मन्हा माथे. तो तठे ऐकाले बशेल शे."

भाऊंनी बटण दाबलं. शेजारच्या रिसीव्हरवर त्यांचाच आवाज निखळ येत होता. जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं ते बोलले, शेवटी रडलेही. मग अन्वरचे ठोके आले: आवाज फाटतो. पुन्हा बोल.

भाऊ चक्रावले. आवाज तर स्वच्छ होता! मग त्यांच्या लक्षात आलं. कुणाचं मन राखायलाही खोटं न बोलणारा अन्वर आज खोटं बोलत होता.

ते पहिल्यापासून बोलू लागले. पुन्हा ठोके आले: फाटतो, पुन्हा बोल. ठोके हळू होत गेले, अडखळू लागले, आणि मग आलेच नाहीत.

भाऊ थांबले नाहीत. थांबलं तर तो गेला हे मानावं लागलं असतं. ऊन चढलं, खड्डा सुकत आला. जळगावहून काहीच येत नाही, हे मोहनबाईलाही ऐकू येत होतं. ती उठली आणि आपल्या वाट्याचं पाणी खड्ड्यात ओतून आली.