पत्र्यावरची मेंढरं

ग्लेनिसने कळप विकला तेव्हापासून तिचा म्हातारा कुत्रा मॉर्ट धड जेवत नव्हता. वळायला काही उरलं नाही, मग जगायचं कशाला, असं त्याचं तोंड. मध्ये एकदा त्याने पाद्रीबुवांच्या बायकोला कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडून ठेवलं. पण त्यातही त्याला गोडी वाटली नाही.

म्हणून इमोजेनने लोकर कातरायची रिकामी शेड मागितली तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "घे बाई. तेवढीच वर्दळ."

इमोजेन सिनेमा करते, पण थिएटरात दाखवत नाही. खरी रिळाची फिल्म. तिची दोन्ही टोकं चिकटवून माळ केलेली. ती आढ्यावरून फिरत पुन्हा प्रोजेक्टरमध्ये शिरते. शेजारी एकजण चेलो, ते गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवतो, इमोजेन स्वतः बोलते, नाचते. मी कीर्तनात वाढलेली; असं सगळं एका जागी दिसलं की हात आपोआप टाळीला जातात.

टास्मानियात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, पाचलाच अंधार. गाव गोधड्या आणि सूप घेऊन जमलं. पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्यावर फाटक उघडलं, मेंढरं बाहेर धावली. संपली, की पुन्हा फाटक, पुन्हा मेंढरं.

मॉर्ट ताडकन उठला. डावीकडून आडवा गेला, जमिनीला पोट लावून त्याने डोळे रोखले. मेंढरं पत्र्याच्या कडेतून पसार! मग तो दारातून बाहेर पळाला, शेडमागे शोधून आला, तोवर इकडे आणखी सुटलेली. जन्मात त्याच्या हातून एक मेंढरू गेलं नव्हतं. जीभ हातभर लोंबायला लागली.

"थांबव गं!" ग्लेनिस ओरडली. "छाती फुटेल त्याची!"

"पण हाच तर अर्थ आहे! अंत नाही, सुटका नाही..." इमोजेन गिरकी घेत म्हणाली.

"अर्थ गेला चुलीत! आणि नुसतं विझवू नकोस हं, हरवली म्हणून रात्रभर टेकड्या धुंडेल. आत घाल त्यांना."

"आत? अहो, ती फिल्ममधली आहेत!"

"मग फिल्ममध्येच घाल!"

इमोजेनने धापा टाकणाऱ्या मॉर्टकडे पाहिलं, आणि प्रोजेक्टरचा खटका उलटा केला.

मेंढरं ढुंगण पुढे करून फाटकाकडे निघाली. मॉर्टचा एक कान वर झाला. एवढ्या नोकरीत असली मेंढरं त्याने पाहिली नव्हती. ग्लेनिसने जुनी शीळ घातली. झालं! तो सरपटत पुढे सरकला, रेटत रेटत शेवटचं मेंढरू आत गेलं, फाटक मिटलं, आणि इमोजेनने दिवा घालवला.

मेंढरं उजेडाची होती, पण धाप खरी होती. टाळ्यांनी पत्रा थरथरला. मॉर्टने ग्लेनिसच्या हातातली मटण भरलेली अख्खी पेस्ट्री गिळली, वर शेजाऱ्याचीही अर्धी.

इमोजेनने डोळे पुसले. "आता दुसरा भाग," म्हणत ती प्रोजेक्टरकडे वळली, तर मॉर्ट मध्ये उभा, दात दाखवत.

"आता काय झालं याला?"

"आत्ता कुठे कोंडलीत त्याने," ग्लेनिस म्हणाली. "तू परत फाटक उघडणार, नि तो बघत बसणार होय?"

दुसऱ्या भागात मग नुसता चेलोच झाला.