पाचव्या काउंटला

अगं, तू आधी ऐक, मध्ये बोलू नको. हुमेरा आठवते ना, गल्फमधल्या शाळेत अजमानहून स्कूल बसने यायची ती? बँडच्या पुढे झेंडे फिरवणाऱ्या मुली असतात ना, कलर गार्ड, त्यातली. तिची नि मिहिकाची जोडी. सहा पावलांवर समोरासमोर उभं राहायचं, ड्रमच्या पाचव्या काउंटला दोघींनी आपापला झेंडा हवेत फेकायचा आणि समोरचीचा झेलायचा. दोन महिने दोघी तेवढंच करत होत्या.

तर नॅशनल डेची परेड गुरुवारी, आणि हुमेराचं विमान बुधवारी. कायमचं! तिच्या अब्बांची, रफिकभाईंची, जबल अलीतली नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल, खलास. सोफा रोल्ला मार्केटमधलं कुणीतरी घेऊन गेलं, फ्रिज गेला, घरात सगळे जमिनीवर बसून जेवत होते. टीसीचं काम अब्बांनी शाळेच्या ऑफिसात केलं, पण ऑफिसवाले बँडला कशाला सांगतायत?

अम्मीने विचारलं, "तुझ्या बँडच्या सरांना सांगितलंस का गो?"

"यस अम्मी."

कुठलं सांगितलं! सांगितलं की झेंडा त्याच मिनिटाला उझमाकडे. उझमा रिझर्व्ह. दोन महिने कडेला उभी राहून रिकाम्या हातांनी सगळे काउंट करायची बिचारी. पण टॉस तिला कुणी शिकवलाच नव्हता.

मंगळवारी शेवटची प्रॅक्टिस. मुरलीधर सर म्हणाले, "गुरुवारी कोण येणार नाही? आत्ता हात वर करा, मी आजच दुसरीला तयार करतो. गुरुवारी सकाळी सांगाल तर मी इथेच ग्राउंडवर आडवा होणार."

सगळ्या हसल्या. हुमेरापण हसली. हात मात्र झेंड्याच्या काठीवरच राहिला. भीती नाही, रडू नाही, काहीच नाही. जणू दुसऱ्याच कुणाचा हात. ग्लव्हजमध्ये घाम आलाय, एवढंच तिला कळत होतं.

मिहिका म्हणाली, "थर्सडेला लेट नको हां. तुझ्या बसचं काही खरं नसतं."

"आय विल बी देअर."

"प्रॉमिस?"

"यल्ला, फेक ना आता!"

पंधरा वेळा टॉस केला. पंधराही झेलले तिने.

गुरुवारी सकाळी ती रत्नागिरीत, मामाच्या घरी. फोन बंद. इकडे मिहिका गेटपाशी उभी, "शी इज कमिंग सर, शी प्रॉमिस्ड!" शेवटी सरांनी उझमाला आत ढकललं. पाचवा काउंट, दोघींनी फेकले, आणि दोन्ही झेंडे धपकन खाली. समोर सगळे पालक मोबाइल धरून. मिहिकाने आपला उचलला. उझमा तिथेच मैदानात रडत उभी राहिली, मागचा बँड तिला वळसा घालून पुढे गेला.

व्हिडिओ ग्रुपवर आला. हुमेराने चारदा बघितला. तिला वाटलं, आता तरी काहीतरी होईल आत. काही नाही. अम्मीने चहाला हाक मारली, ती उठून गेली.

दुपारी मेसेज आला. मिहिकाचा नाही गं, उझमाचा! "आर यू ओके? डिड समथिंग हॅपन टू यू?"

आज नववा दिवस. रोज उघडते, दोन शब्द लिहिते, पुसते. बाकी जेवते, झोपते, सगळं नीट.

आता खरं सांग, मंगळवारी तू असतीस तिच्या जागी, तर हात वर केला असतास?