पुलापलीकडचा दवाखाना

मुकादमांना आपल्या राज्याचा भारी अभिमान. तीस वर्षं रस्ते खात्यात घालवलेली, त्यामुळे पुलापर्यंतचा गुळगुळीत रस्ता जणू त्यांच्याच घरचा. पूल ओलांडला की दुसरं राज्य लागायचं आणि तिथे खड्डे सुरू व्हायचे. साडू तिकडे शाळामास्तर. त्याच्याकडे जेवायला गेले, की पहिला घास पोटात जायच्या आधी मुकादमांचं तोंड सुटायचं.

त्या रविवारीही तेच झालं. "मास्तर, तुमच्याकडे येताना कंबरेचा काटा ढिला होतो बघा! आमच्याकडे काय रस्ते, काय वीज! आता तर चार मजली इस्पितळ झालंय. तुमचा तो दोन खोल्यांचा दवाखाना म्हणजे आमच्या जिन्याखालची जागा."

मास्तर मान खाली घालून जेवत राहिले. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, भाजी घ्या ना." मुकादमांची बायको काहीच बोलली नाही. आपल्या बोलण्याने सगळे गार झाले, असं मुकादमांना वाटलं आणि त्यांना आणखी चेव चढला.

जेवणानंतर मास्तरांचं फाटक दुरुस्त करताना हातोडी निसटली आणि मुकादमांच्या अंगठ्यावर बसली. रक्त थांबेना. मास्तरांनी त्यांना समोरच्याच दवाखान्यात नेलं.

नर्सबाईंनी पट्टी बांधली, आडनाव आणि गाव विचारून वहीत लिहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे बुधवारी येतात त्या बाईंचे यजमान तुम्ही! बरं झालं भेटलात. थेंब चुकवू देऊ नका हं. उजवा डोळा वाचलाय त्यांचा. डाव्याचं मात्र... आठ महिने आधी आल्या असत्या तर तोही वाचला असता. आतला दाब वाढला की नजर हळूहळू जाते, कळतसुद्धा नाही."

बुधवारी बायको बहिणीकडे शिवण शिकायला येते, एवढंच मुकादमांना ठाऊक होतं. आणि ते आठ महिनेही त्यांना लख्ख आठवले. दिव्याभोवती कडी दिसतात, असं बायको म्हणाली होती. "थांब जरा. आपल्या इस्पितळात डोळ्यांचा डॉक्टर येतोच आहे. त्या लोकांच्या दारात कशाला जायचं?" असं तेच म्हणाले होते. डॉक्टर अजून आला नव्हता. त्या खोलीला कुलूप होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी मघाशी जेवताना एवढं बोललो, तेव्हा..."

"वहिनींनी शपथ घातली होती," मास्तर म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्यापेक्षा मास्तरांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. माझ्या अज्ञानावर पांघरूण घालायला तीन माणसं दर खेपेला गप्प बसत होती, आणि मी ते मौन म्हणजे माझा विजय समजत होतो! मुकादमांचे कान तापले.

परतताना पुलावर ते बायकोच्या उजव्या बाजूला चालत होते. तिच्या डावीकडून सायकल आली, ती तिला दिसलीच नाही. मुकादमांनी तिचा हात धरून मागे ओढलं.

"दिसली नाही?"

"या बाजूचं नाही दिसत आता," ती सहज म्हणाली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थबकली. "नर्सबाई बोलल्या वाटतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंत?"

मुकादमांना खोटं बोलता आलं असतं. ते तिच्या डाव्या बाजूला येऊन चालू लागले.

घरी पोचल्यावर त्यांनी कुलपाची गोष्ट सांगितली. ती ऐकून बायको बराच वेळ भांडी विसळत राहिली. "हे मात्र सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाली. पाठ फिरवली नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

बुधवारी मुकादम तिच्याआधीच तयार होऊन दारात उभे राहिले. "मी येऊ बरोबर?"

"या," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "पण तिथे तोंड उघडायचं नाही."

दवाखान्याच्या बाकावर ते तासभर हातात तिची पिशवी धरून बसले. थेंब कसे घालायचे, ते नर्सबाईंनी त्यांना शिकवलं. पहिला थेंब गालावर सांडला.

"डोळा जरा वर आहे," बायको म्हणाली. "पुन्हा घाला."