चुकीचा 'न'

म्हाताऱ्या मुद्रितशोधकांनी संमतिपत्रावरच्या एका अक्षराभोवती लाल पेनाने गोल काढला, समासात खूण केली आणि कागद परत केला. सही केलीच नाही.

"अहो आजोबा, यावर गिरवायचं नसतं," हृदयविभागातली संशोधन-साहाय्यिका म्हणाली. वॉर्डात तिला सगळे फॉर्मताई म्हणत.

"गिरवत नाहीये. चाळीस वर्षं छापखान्यात याच कामाचा पगार घेतलाय. सहाव्या ओळीत तुमचा 'अ'च्या जागी एक 'न' पडलाय."

उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "उद्या छाती उघडणार आहेत आणि यांना शुद्धलेखन सुचतंय! लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा माझ्या वडिलांच्या आडनावात चूक काढली होती यांनी."

"होतीच ती."

फॉर्मताईने हसत हसत सहावी ओळ वाचली. 'झडप बदललेल्या शंभर रुग्णांपैकी ब्याण्णव रुग्ण वर्षभरानंतर हयात नसतात.' तिचं हसू मावळलं.

"असतात, असं हवं ना?" आजोबा म्हणाले. "खालच्याच ओळीत तुम्ही शस्त्रक्रिया सुरक्षित म्हणताय, म्हणून कळलं. नाहीतर हिला घेऊन सरळ घर गाठलं असतं."

मजकूर तिनेच टाइप केला होता आणि डोळ्यांत तेल घालून दोनदा तपासलाही होता, निदान तिला तसं वाटत होतं. तो कागद घेऊनच ती मोठ्या सर्जनांच्या खोलीत शिरली.

"आत्तापर्यंत सह्या किती?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"कुणी काही विचारलं?"

"कुणीच नाही, सर."

सर्जनांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे कुणी वाचलंच नाही. आणि आपण जगाला सांगायला निघालोय की आमचे रुग्ण समजून-उमजून संमती देतात! रुग्णालयाच्या नैतिकता समितीला मी आजच कळवतो. तू एकेकाला फोन कर आणि स्पष्ट सांग, सारवासारव नको."

एक्केचाळिसांपैकी दोघे आता नव्हते. उरलेल्या एकोणचाळीस जणांची यादी घेऊन ती बसली. पहिल्या गृहस्थांना कागदच आठवेना. दुसरे म्हणाले, "तुम्ही बोट ठेवलंत तिथं सही केली, ताई." तिसऱ्याच्या सुनेने फोन घेतला आणि बाबा फिरायला गेलेत म्हणाली. बाराव्या फोनपर्यंत हेच चाललं. दर फोनागणिक तिचा जीव भांड्यात पडत होता. कुणी वाचलं नाही म्हणून आपल्याला बरं वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेरावा नंबर शिलाईवाल्या मावशींचा. त्यांचं तिला कौतुक होतं. दर तीन महिन्यांनी ती विचारपूस करायची, "कशा आहात मावशी?" आणि त्या म्हणायच्या, "आहे अजून!" दोघी हसायच्या. मग 'मनःस्थिती' या रकान्यात ती 'आनंदी' लिहायची.

"कशा आहात मावशी?"

"आहे अजून!"

ती या वेळी हसली नाही. "ऑपरेशनच्या आधी तुम्ही एका कागदावर सही केली होती. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? ब्याण्णव जातात, आठ राहतात. म्हटलं, नाही केलं तर चार महिने, केलं तर निदान त्या आठांत बसायची आशा. केली सही."

फॉर्मताईच्या हातातलं पेन थांबलं. "मला काही बोलला नाहीत?"

"तुमची घाई दिसत होती. आणि विचारून आकडा थोडाच बदलणार होता?"

"पण नंतर डॉक्टर म्हणाले ना, सगळं छान आहे म्हणून?"

"ते धीर द्यायला म्हणतातच हो." मावशी अगदी सहज बोलत होत्या. "दहा महिने झाले. दोन राहिलेत. लोकांची कापडं मी तेव्हाच परत केली, कुणाचं काम अर्धवट राहायला नको. मशीन झाकून ठेवलंय. का हो, आज मध्येच फोन?"

तिने सांगून टाकलं. एक अक्षर चुकीचं पडलं होतं, चूक तिची होती, ब्याण्णव जगतात, आठ जातात. "मला माफ करा, मावशी."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"एक 'न'?"

"हो."

"अगं बाई, दहा महिने मी..." मावशींचा आवाज चढला, मग एकदम बसला. "नातीने शाळेचा झगा शिवून मागितला होता. दुसऱ्या कुणाकडून शिवून घे म्हटलं. रुसली होती पोर."

"आता शिवा ना. आजच सांगा घरी सगळ्यांना."

"काय सांगू?" मावशी म्हणाल्या. "मी जगणार आहे असं सांगू? मी मरणार होते हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं."

खाली सव्वीस नंबर उरले होते. फॉर्मताईने यादी उलटी करून ठेवली आणि उठून दार लावलं.

"मला सांगा, मावशी," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगा."