पट्टीखालचे बटण

मित्रांनो, भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तुटक्या पंख्यांच्या ढिगाशेजारी जो पिवळट पडलेला संगणक दिसतो, तो मी. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चरा आहे. कळफलकावरची काही अक्षरे बोटांखाली झिजून पुसली गेली आहेत. तुमच्यापैकी कुणी माझ्याकडे दुसऱ्यांदा वळून बघणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझे भाग सुटे होण्याआधी जे घडले ते सांगून टाकावे, एवढीच इच्छा उरली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही भावंडे एकाच साच्यातून निघालो, एकसारखी, नाव-गाव नसलेली. मला एका कचेरीने विकत घेतले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आठ-दहा माणसे आणि काम एकच, लोकांना वेबसाइट बनवून देण्याचे. सुरुवातीला मी थेट साहेबांच्या टेबलावर होतो. कुणी पाहुणा आला की साहेब माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "हा आपला हत्ती. काहीही लादा, कुरकुर नाही." तेव्हा मला फार बरे वाटायचे. पण नव्याची नवलाई नऊ दिवस. माझ्याहून चपळ यंत्रे आली आणि माझी रवानगी पाण्याच्या फिल्टरशेजारच्या कोपऱ्यात झाली. तिथून भंगारात जायला फार वेळ लागला नसता. ताईने मला अडवले.

ताईला कचेरीत सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेले चित्रकारसुद्धा. वेबसाइटचे पान कसे दिसावे, ते चित्रकार काढून देत. त्या चित्राप्रमाणे पान खरोखर उभे करायचे काम ताईचे. मथळा कुठे, चौकट केवढी, कशाच्या शेजारी काय, कशाच्या वर काय, याचे नियम ती लिहायची. ऐकायला सोपे वाटते ना? पण मित्रांनो, ते पान माणसाला थेट दिसत नाही. मध्ये ब्राउझर नावाचा निरोप्या बसलेला असतो. ताईचे नियम तो वाचतो आणि पडद्यावर मांडतो. आणि निरोपे काही एक नाहीत. 'मूठभर मीठ घाल' असे दोन जावांना सांगितले, तर मूठ ज्याची त्याची. तसेच इथे. चौकटीची रुंदी सांगितली, की एक ब्राउझर आतली मोकळी जागा त्यात धरायचा, दुसरा ती वेगळी मोजायचा. मग एकीकडे तीन चौकटी शिस्तीत एका ओळीत बसायच्या, आणि दुसरीकडे जागा अपुरी पडून तिसरी धपकन खाली यायची.

माझ्यातला ब्राउझर जुना होता. नवा पेलण्याची ताकद माझ्या अंगात नव्हती. नेमके म्हणूनच ताईला मी हवा होतो. ती म्हणायची, "याच्यात नीट दिसलं ना, की कुठंही नीट दिसेल." प्रत्येक पान बाहेर जाण्याआधी ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसायची. कुठे यादी उजवीकडे सरकलेली, कुठे चित्रावर अक्षरे चढलेली. ती चिडायची नाही. चौकटीला तात्पुरती लाल किनार लावून बघायची, एकेक नियम बंद करून बघायची, आणि दुखणे सापडले की स्वतःशीच "हं" म्हणायची. ते "हं" ऐकण्यासाठी मी दिवसभर गुरगुरत जागा राहायचो.

एकदा एका शाळेच्या निकालाच्या पानावर मुलांची नावे एका ओळीत आणि गुण दुसऱ्याच ओळीत दिसत होते. तेही फक्त माझ्यात. ताईने ते पकडले. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला पुसून काढायला सांगितले. माझ्या अंगावरून फडके फिरले, ते शेवटचे.

पुढे कचेरी वाढली, कामे वाढली, धीर कमी झाला. एक दिवस साहेब ताईच्या मागे येऊन उभे राहिले.

"अजून याच्यावर तपासतेस?"

"हो. इथं नेहमी काहीतरी सापडतं."

"असला ब्राउझर शंभरात दोन-चार जण वापरत असतील. त्यांच्यासाठी प्रत्येक काम दोन दिवस अडवायचं?"

"ते दोन-चार कोण आहेत, तेही बघायला हवं ना साहेब."

"आपण वेबसाइट बनवतो ताई, धर्मशाळा चालवत नाही."

त्यांनी वाकून माझी वायर भिंतीतून काढली. रागाने नव्हे, जाता जाता पंखा बंद करावा तशी. हेच मला जास्त लागले.

तेव्हा एका डोळ्यांच्या रुग्णालयाचे काम चालू होते. शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवायचे पान. ते पान माझ्यावर न तपासता बाहेर गेले. चित्रकारांनी पडद्याच्या तळाला एक निळी पट्टी चिकटवली होती. पान कितीही वर-खाली सरकवा, पट्टी तिथेच. तिच्यावर हसऱ्या परिचारिकेचे चित्र आणि अक्षरे, 'आमचे कर्मचारी आपल्याला फोन करतील.' दिसायला देखणी. ताईने पट्टीखाली काही दडू नये म्हणून पानाच्या शेवटी मोकळी जागा सोडली होती. पण तो नियम नव्या पद्धतीने लिहिला होता. आणि मित्रांनो, आम्हा ब्राउझरवाल्यांचा एक वाईट स्वभाव आहे. न कळलेला नियम आम्ही मुकाट्याने गाळतो. ओरडत नाही, विचारत नाही.

बंद पडल्यावर दिवस मोजता येत नाहीत. मला पुन्हा जाग आली ती दुपारी. पडदा उजळला तेव्हा ताईचा चेहरा समोर होता आणि तो उतरलेला होता. तिच्यामागे एक आजोबा बसले होते, एका डोळ्यावर कापसाची पट्टी बांधलेले. शेजारी आजी आणि पाठीमागे त्यांचा मुलगा, हातात मोबाइल घेऊन उभा.

आजोबा घड्याळे दुरुस्त करायचे. तांदळाच्या दाण्याहून बारीक चाके चिमट्याने बसवण्यात जन्म गेलेला. डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लवकर करायला सांगितली आणि नाव वेबसाइटवर नोंदवायला सांगितले. आजोबांनी घरच्या जुन्या संगणकावर सगळी माहिती भरली. मग ते फोनची वाट बघत बसले. मध्ये एकदा रुग्णालयात चौकशी केली, तर उत्तर मिळाले, "भरलाय ना अर्ज? मग येईल फोन." फोन आला नाही. दुखू लागले तेव्हा धावत गेले. तिथे कळले की त्यांचा अर्ज आलेलाच नाही. तोवर एक डोळा गेला होता.

"रुग्णालयातले म्हणाले, वेबसाइट यांनी बनवलीय, त्यांना विचारा," मुलगा म्हणाला. "आम्हाला भांडायचं नाही. बाबांची समजूत पटावी म्हणून आलोय. ते सारखं म्हणतात, बटण नव्हतं. हे बघा, माझ्या मोबाइलवर आहे. घरी सगळ्यांनी दाखवलं. वय झालंय, विसरतात हो."

आजोबा शांतपणे म्हणाले, "मी विसरलो नाही. खाली निळी पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं, फोन करतील. बटण नव्हतं."

"बाबा, पुन्हा तेच."

साहेब आपल्या दारातून बघत होते. ते पुढे आले. "आजोबा, पान अगदी व्यवस्थित आहे. एवढ्या लोकांनी अर्ज केलेत."

मुलाने मान डोलावली. आजींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. त्या हळूच म्हणाल्या, "आता हे गॅस बंद केला का तेही मला दोनदा विचारतात. स्वतःवरचा भरवसाच उडालाय यांचा."

ताईने कुणाकडे पाहिले नाही. तिने ते पान माझ्यात उघडले आणि खुर्ची आजोबांकडे सरकवली. "तुम्हीच बघा. तळापर्यंत न्या."

आजोबांनी माझा माउस धरला. ते पुढे झुकले, उरलेला डोळा बारीक केला. नाव, वय, पत्ता, आजार. पान संपले. खाली निळी पट्टी. हसरी परिचारिका. बटण नाही.

मग ताईने पट्टी लपवणारा एक शब्द लिहिला. पट्टी गेली, आणि तिच्या बरोबर खाली, पूर्ण झाकलेले, हिरवे बटण दिसले. 'अर्ज पाठवा.'

"म्हणजे नव्हतंच दिसत," आजोबा म्हणाले.

"नव्हतं दिसत," ताई म्हणाली. "तुमचं बरोबर होतं. चूक आमची आहे."

आजोबांनी खुर्चीला पाठ टेकली. गेलेला डोळा काही परत आला नव्हता, तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. आजी मुलाकडे वळल्या. "ऐकलंस? डोकं ठिकाणावर आहे त्यांचं." मुलगा मोबाइलच्या बंद पडद्याकडे बघत राहिला. तो 'चुकलो' म्हणेल असे मला वाटले. तो म्हणाला, "चला बाबा, जिना जपून उतरा."

ती मंडळी गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतले.

"त्यांच्यासमोर दाखवायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं होतं."

"विचारलं म्हणून आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा? उद्या त्यांनी वकील गाठला तर?"

"ते वकिलासाठी आले नव्हते साहेब. 'मी वेडा नाही ना', एवढंच विचारायला आले होते."

"आणि तू हे आधी का नाही तपासलंस?"

ताई उभी होती ती खाली बसली. माझी वायर कुणी काढली होती, हे त्या खोलीत तिघांना माहीत होते. त्यातला एक विसरला होता, आणि एक मी होतो. ताई म्हणाली, "मी हट्ट धरायला हवा होता. तेवढं माझं चुकलं."

त्याच दुपारी तिने पानात एक ओळ घातली. जुन्या पद्धतीची, साधी, माझ्यासारख्याला कळेल अशी. मोकळी जागा आली, बटण पट्टीच्या वर आले. एक ओळ, मित्रांनो. चहा निवायच्या आत झाले ते काम. ताईने नेहमीसारखे "हं" म्हटले नाही.

साहेबांनी रुग्णालयाला कळवले, की रुग्णाचा संगणक कालबाह्य होता. रुग्णालयाने ते मानले. सगळ्यांचीच सोय झाली. ताईकडची चांगली कामे एकेक करून दुसऱ्यांकडे गेली. तिला कुणी जा म्हटले नाही, पण बस असेही म्हटले नाही. महिना भरल्यावर तिने आपला कप उचलला आणि ती निघून गेली. जाताना ती माझ्याजवळ थांबेल, असे मला वाटले होते. तिच्या हातात पिशव्या होत्या. ती थांबली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. मीच तर तो साक्षीदार होतो, ज्याने खरे दाखवले आणि तिची नोकरी खाल्ली.

मग भंगारवाला आला. साहेब त्याला म्हणाले, "हे आधी न्या. उगाच घोळ घालतं."

इतकी वर्षे राबल्यावर माझी ओळख एवढीच उरली. मी घोळ घातला नव्हता. घोळ होता, तो मी दाखवला होता.

मित्रांनो, आम्हाला जपून वापरा, रोज पुसा, असे सांगून मी तुमचा निरोप घेऊ शकलो असतो. माझ्यासारखी यंत्रे तसेच सांगतात. पण धुळीने माझे फार काही बिघडले नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडे माझ्याहून हुशार यंत्रे असतील. तेव्हा घरातले एखादे म्हातारे माणूस म्हणेल, "अरे, मला इथे काही दिसत नाही." तुम्हाला ते लख्ख दिसत असेल. तुमच्या मोबाइलवर ते असेल, शंभरातल्या नव्वदांच्या मोबाइलवर असेल. तरी लगेच हसू नका. उठा, त्यांच्या खुर्चीत बसा, आणि ते जिथून बघत होते तिथून एकदा बघा.